शेवंतीकाकीचा खारा हौद

शेवंतीकाकी माझ्याकडे स्विमिंग पूल घ्यायला आली तेव्हा तिच्या काखेत एक कोहळा होता. आठवड्याचा बाजार आटोपून ती तशीच मालवणातल्या माझ्या दुकानाची पायरी चढली, कोहळा काउंटरवर ठेवला, पदराने मान पुसली आणि म्हणाली, "आनंता, माका हौद व्हयो. खाऱ्या पाण्याचो."

मी फोनवर एका रिसॉर्टवाल्याशी भांडत होतो. मला वाटलं, गुरांसाठी म्हणतेय. म्हटलं, "काकी, गुरांना खारं पाणी कशाला?"

"शिरा पडो तुझ्या तोंडार! गुरांक न्हय रे मेल्या, माणसांक. पेवाचो हौद. त्या हाटेलवाल्यांक बांधून देतंस तसो."

माझा धंदा पंपांचा. आधी विहिरींचे आणि बागांचे बसवायचो, किनाऱ्यावर हॉटेलं उगवायला लागल्यापासून पोहण्याच्या हौदांचेही बसवतो. समोर अख्खा समुद्र फुकट पसरलेला असताना माणसं टाइल लावलेल्या खड्ड्यात का डुंबतात हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्यावर माझी चूल पेटते, तेव्हा मी तोंड बंद ठेवतो. काकीपुढे मात्र तोंड बंद ठेवणं जमलं नाही. तिचं घर देवबागच्या वाटेवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. तिच्या अंगणात लाटेचा तुषार येतो. मी हसलो. ती हसली नाही, तेव्हा मला एकदम सुधीर आठवला.

सुधीर हा तिचा एकुलता एक मुलगा. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट न्यायचा. एका सकाळी, वारा नाही, वादळ नाही, तो एकटाच जरा बाहेर गेला. दुपारच्या भरतीबरोबर बोट परत आली. कोणी वल्हवत नव्हतं, इंजिन बंद होतं. बोट आपली सावकाश येऊन घरासमोरच्या वाळूला लागली. आत सुधीरच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या. त्या बोटीला किनाऱ्यावर ओढून घेणाऱ्यांत मीही होतो. आम्ही सात-आठ माणसं होतो. पुढे पार कुणकेश्वरापासून आरोंद्याच्या खाडीपर्यंत माणसं फिरली. काहीही मिळालं नाही.

वर्ष उलटल्यावर भटजींनी सांगितलं, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, म्हणजे जाणाऱ्याला वाट मिळते. काकीने त्यांना ओसरीवरून उठवलं. "हाड नाय, मांस नाय, आणि गवताक आग लावून माझो झील मेलो म्हणू? येतलो तो. वाट चुकलो आसात."

ती हे म्हणायची तेव्हा दाराआड तिची सून उभी असायची. प्रतिभा. लग्नाला दोन पावसाळे झाले नव्हते. तिच्या माहेरी आई-वडील नव्हते, भाऊ मुंबईला, त्याने कधी विचारलं नाही. नवरा गेला असं म्हणायला सासू तयार नाही, आणि आहे म्हणावं तर कुठे आहे? कपाळाला कुंकू होतं, पण हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवेना. न बोलावणाऱ्या बायका दुष्ट होत्या असं नाही, त्यांना काय करावं ते समजत नव्हतं. काकी त्या पुतळ्याला हो म्हणत नाही तोवर ही पोर अशीच राहणार, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. काकीला सांगायची छाती मात्र कोणाची नव्हती. माझीही नव्हती.

"होमस्टे चालवता ना प्रतिभा, पावणे हौद मागतत," असं काकीने मला कारण दिलं. मी ते खरं मानलं. हौद कुठला घ्यावा म्हणून तिला दोन-तीन ठिकाणी दाखवायला घेऊन गेलो. एका हॉटेलात पुण्याची मंडळी पाण्यात खेळत होती. त्यांच्यादेखत ही बाई काठावर उकिडवी बसली, ओंजळ भरली, चाखली आणि बाजूला थुंकली. "ब्लिचिंगचो वास मारता रे! ह्येच्यात पेवण्यापेक्षा घरातली बालदी काय वायट?" पुण्याच्या मंडळींनी घाईघाईने पोरांना पाण्याबाहेर काढलं.

मग मी तिला समजावलं. खाऱ्या पाण्याचा हौद म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. विहिरीचं गोडं पाणी भरायचं, त्यात बेताचं मीठ विरघळवायचं. पंपाजवळ एक यंत्र असतं, त्यातल्या पत्र्यांवरून पाणी गेलं की मिठातूनच क्लोरीन तयार होतं आणि पाणी स्वच्छ राहतं. डोळे झोंबत नाहीत, कातडी कोरडी पडत नाही. मीठ संपत नाही, पावसाने पातळ झालं तरच घालायचं. टाइलच्या सांध्यांना मीठ खातं, म्हणून फायबरचा तयार हौद घे. आणि एक ध्यानात ठेव, तुझ्या वाळूत हाताभरावर पाणी लागतं. पावसाळ्यात हौद कधी रिकामा करू नकोस, नाहीतर खालच्या पाण्याने तो अख्खा जमिनीतून वर येईल.

शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हणायला लावलं. "वर येता? आपणच?" म्हणाली. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही.

सुधीरची बोट तिने विकली आणि हौद मागवला. खणण्याआधी गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, त्याला विचारल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही. गावचे मानकरी गावकर आले, नारळ ठेवला, पाच-पंचवीस माणसं हात जोडून उभी राहिली. गावकरांनी आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरान तुझ्या जाग्यार जो काय हौद खणूचो घाट घातलो हा, तेका यश दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

"कोणाची वायट नजर आसात, इडापिडा आसात, ती भायर काढ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गावकर नारळ उचलायला वाकले आणि मागून काकीचा आवाज आला. बायका कधी गाऱ्हाणं घालत नाहीत. ती तशीच हात जोडून, डोळे मिटून म्हणाली, "आणि माझ्या झिलाक दर्यात वाट गावणा नाय. घराकडे खारा पाणी दिसला तर तो हय येतलो. तेका हय घेवन ये, म्हाराजा!"

कोणाच्या तोंडून आवाज फुटला नाही. गाऱ्हाण्याला होकार दिला नाही तर ते अर्धं राहतं, आणि याला होकार द्यायचा म्हणजे काय मागायचं! मी खाली वाळूकडे बघत राहिलो. शेवटी काकी स्वतःच बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली. प्रतिभा पडवीत उभी होती, ती आत निघून गेली.

हौद बसला. पाणी भरलं, मीठ घातलं, यंत्र सुरू केलं. काकीने चाखलं. "ह्यां खारा? माझी पेज ह्येच्यापेक्षा खारट असता." मी म्हटलं, इतकंच लागतं, जास्त झालं तर यंत्र बिघडेल. ती बरं म्हणाली. तिचं बरं म्हणणं मला आधीच ओळखता यायला हवं होतं!

पंधरवड्यातच यंत्र बोंबलायला लागलं. जाऊन बघतो तर पत्र्यांवर पांढरा थर, शिडीचे स्क्रू गंजलेले, आणि हौदाच्या तळाला दोन तिसऱ्या. शिंपल्या, जिवंत! भरतीच्या वेळी मासेमारांचा पंप लावून तिने खाडीचं पाणी आत घेतलं होतं. मी इतका तापलो की वयाचाही मान ठेवला नाही. "काकी, माझं नाव घालवशील तू! लोक म्हणतील, ह्याने बसवलेला हौद महिनाभर टिकला नाही!"

"गोड्या पाण्यात तो येवचो नाय, आनंता," ती शांतपणे म्हणाली. "तू तुझा यंत्र बंद कर."

मी यंत्र बंद केलं. साधी गाळणी आणि पंप चालू ठेवला, आणि दर काही दिवसांनी अर्धं पाणी काढून ताजं खाडीचं घ्यायचं असा क्रम लावून दिला. देखभाल काकी स्वतः करी. झावळीचा कचरा जाळीने काढायची, काठ घासायची, हिरवट दिसलं की मला फोन. हौद तिने पोराबाळासारखा सांभाळला. त्यात उतरली मात्र कधी नाही, साधा पायही बुडवला नाही. होमस्टेच्या पाहुण्यांनाही हौद दुपारी बंद असे. का, तर ती म्हणे, "दुपारचो तो येता."

ही गोष्ट वाडीत पसरायला वेळ लागला नाही. भर दुपारी बाराच्या ठोक्याला आमच्याकडे तसंही कोणी आडबाजूला जात नाही, ती वेळ चांगली मानत नाहीत. त्यात काकी सांगायची, दुपारी हौदाच्या काठावर ओली पावलं उमटतात. ती रोज तिथे खुर्चीवर सुधीरचा पंचा घडी करून ठेवायची आणि आत जाऊन पडायची. उठून बघते तो पंचा ओला. शेजारचे लोक त्या वेळी माडांच्या वाटेने जायचे बंद झाले. पलीकडच्या घरातल्या सुनेने तर हौदाकडची खिडकीच लावून घेतली.

मी म्हटलं, काय ही थेरं! आणि एकदा पंपाचं सील बदलायला मुद्दाम दुपारचाच गेलो. अंगणात चिटपाखरू नव्हतं. समुद्राची गाज ऐकू येत होती, तीही दुरून आल्यासारखी. हौदाचं पाणी हलत होतं. वारा नव्हता. आणि हौदापासून चिऱ्यांच्या पायवाटेवर ओली पावलं गेली होती, मागच्या दारापर्यंत. माझ्या डोळ्यांदेखत ती वाळत चालली होती. मी पाना तिथेच टाकला आणि रस्त्यावर येऊन मोटरसायकलला किक मारली. पुढचे दोन दिवस मी बायकोला काही सांगितलं नाही.

पाना आणायला मात्र जावंच लागलं. या वेळी सकाळी गेलो. काकी देवळात गेली होती. प्रतिभा पडवीत कपडे वाळत घालत होती, मला बघून खाली बसली आणि रडायलाच लागली. "दादा, त्या दुपारी तां मी होतंय," म्हणाली.

सुधीर तिला पोहायला शिकवत होता. ती घाटाच्या पायथ्याची, पाण्याला भ्यायची. समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात तो तिला आडवी धरायचा, पाठीखाली हात ठेवायचा आणि म्हणायचा, आकाशाकडे बघ. तेवढंच शिकवून झालं होतं. हौद झाल्यावर एका दुपारी तिच्या मनात आलं आणि ती अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली. "आडवी झालंय आणि पाठीखाली हात लागलो, दादा. खरोच लागलो. म्हणान रोज जावक लागलंय." खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतो, मी तिला सांगितलं असतं. नाही सांगितलं. "आणि आईक वाटता, ते येतत. पंचो ठेवतत तेंच्यासाठी, आणि मी मेली त्याच पंच्यान आंग पुसतंय. फसवतंय मी तेंका. माझ्यामुळे त्या आजून वाट बघतत. आता मी परत पाण्यात जावचंय नाय."

आणि खरंच ती गेली नाही. आठवड्याभरात काकीचा फोन आला, "आनंता, ये." मला वाटलं पंप बिघडला. जाऊन बघतो तर पंप ठणठणीत. काकी हौदाच्या काठावर बसली होती, पंचा मांडीवर, कोरडा.

"ती पाण्यात जाणा नाय रे," म्हणाली.

"कोण?" मी म्हटलं.

"कोण काय? प्रतिभा. माका काय पावलां वळखूक येणत नाय? बायलमाणसाचा पाऊल आणि माझ्या झिलाचा पाऊल, माका कळणा नाय?" ती हौदाकडे बघत होती. "पयल्या दिसा पाण्याचो आवाज इलो आणि माका वाटला, इलो! धावलंय. पायात पदर अडाकलो तरी धावलंय. बघतंय तर ही. वर तोंड करून पडलेली, डोळे मिटलेले, आणि हसता. सुधीर गेल्यापासून हिका मी हसताना बघूक नव्हतंय. तशीच मागे फिरलंय."

"मग ते दुपारचं, तो येतो म्हणून..."

"तर काय सांगू? सून भर दुपारी हौदात लोळता म्हणान? गावच्या बायकांनी तिका सुखान पेवाक दिला असता? भूत येता म्हटलंय म्हणान कोणी हय डोकावला नाय. आणि पंचो तिकाच ठेवी होतंय. भिजल्या कपड्यांनी घरात फिरात, तिका थंडी बाधात म्हणान." तिने पंचा उलगडला, परत घडी घातली. "त्या दिसा माका कळला, आनंता. तो येवचो नाय. धावान धावान थकलंय आणि कळला. पण त्या गवताक आग लावूक हात धजणा नाय होतो. म्हटला, ही हसता हा, तवसर चलू दे. आता ही पण सुकत चलली." ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उठली. "भटाक सांग. पुतळो करूया."

मला रडू आवरलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि करवादली, "तू रडतंस कित्याक? झील माझो गेलो."

किनाऱ्यावर दर्भाचा पुतळा केला. सुधीरच्या चुलत भावाने अग्नी दिला. त्याआधी काकीने पुतळ्यावर तो पंचा पांघरला, चारी टोकं नीट ओढली. प्रतिभाने कुंकू पुसलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. काकी तिला धरून वाळूत बसली. वाऱ्याने राख पाण्याकडे गेली. भटजी काही सांगत होते, ते कोणाला ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर पुढच्या वर्षी काकीनेच प्रतिभासाठी स्थळ पाहिलं. वैभववाडीचा, शाळेत नोकरीला, पहिली बायको गेलेली. माणूस सरळ. काकी स्वतः एसटीने जाऊन त्याचं घर, विहीर, शेजार सगळं बघून आली. विहिरीचं पाणीही चाखून आली म्हणे. लग्न होऊन जायच्या दिवशी तिने प्रतिभाची ओटी भरायला नारळ घेतला, तेव्हा बायकांत कुजबुज झाली, कारण काकी विधवा, आणि विधवेने कोणाची ओटी भरायची नसते. काकीने सगळ्यांकडे एकदा बघितलं. "आवशीन चेडवाची ओटी भरूची नाय, तर कोणी भरूची? तुमी भरतल्यात? तुमी तर तिका बोलवक पण नाय होतास." आणि आईने लेकीची भरावी तशी तिने ओटी भरली.

प्रतिभा गेल्यावर मी काकीला म्हटलं, आता होमस्टेही बंद, तू एकटी. पाणी बदलणं, घासणं हे तुझ्याने व्हायचं नाही. हौद बुजवून टाकू, वर फुलझाडं लाव.

"आणि चेडू मायेराक इला तर पेवाक जातला खंय? तुझ्या घराक?" असं म्हणून तिने मला पंपाची खोली झाडायला लावली.

प्रतिभा यायची. दिवाळीला, शिमग्याला, मधेच कधीतरी दोन दिवस. आता ती भर दिवसा, सगळ्यांदेखत उतरायची. काकीच्या हयातीत शेवटची आली ती मे महिन्यात. दुपारी जेवणं झाल्यावर ती पाण्यात गेली आणि काकी काठावर खुर्ची टाकून बसली. प्रतिभा पाठीवर पडून वैभववाडीच्या गजाली सांगत होती. काकी मधूनमधून हूं म्हणत होती. मग हूं म्हणेनाशी झाली. प्रतिभाने मान वळवून बघितलं. काकीची मान खांद्यावर कललेली, चेहरा शांत. तिला वाटलं, आईचा डोळा लागला. झोपमोड नको म्हणून तिने हाक मारली नाही आणि आवाज न करता आणखी बराच वेळ तशीच तरंगत राहिली.